मावळतीची हिरवी झळक: बघावी कशी, टिपावी कशी, रंगवावी कशी

रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर, दीपगृहाच्या बाजूला, संध्याकाळी बरीच माणसे जमतात. सूर्य पाण्याला टेकला की मोबाइल वर होतात. अर्धा बुडाला की फोटो काढून होतात. आणि शेवटची नखाएवढी कोर उरते तेव्हा निम्मे लोक परतीच्या वाटेला लागलेले असतात. हा लेख त्या शेवटच्या कोरीबद्दल आहे. कारण हवा स्वच्छ असेल, क्षितिज मोकळे असेल आणि पाण्यावरची हवा मनासारखी असेल, तर ती कोर विझता विझता पिवळी न राहता हिरवी होते. पाचूसारखी हिरवी. एक सेकंद, फार तर दोन. मग काहीच नाही.

इंग्रजीत याला ग्रीन फ्लॅश म्हणतात, फ्रेंच लोक हिरवा किरण म्हणतात. मी हिरवी झळक म्हणते. मी जलरंगात समुद्र रंगवते, आणि ही झळक मला पहिल्यांदा दिसली ती मावळतीच्या नोंदी वहीत ठेवायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी, देवगडच्या किल्ल्यावरून. त्याआधीही ती माझ्यासमोर होऊन गेली असणार. मला बघायचे कसे तेच ठाऊक नव्हते. म्हणून पुढचे सगळे क्रमाने लिहिते आहे: आधी बघणे, मग कॅमेरा, मग कागद. हा क्रम मोडू नका, असा माझा आग्रह आहे.

हिरवाच का?

वातावरण हे एक अतिशय कमजोर लोलक आहे. क्षितिजाजवळून येणारा प्रकाश हवेच्या जाड थरातून वाकतो, आणि तो इतका वाकतो की सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा खरा सूर्य पूर्णपणे क्षितिजाखाली गेलेला असतो. आपण त्याची वर उचललेली प्रतिमा बघत असतो. लाल प्रकाश सर्वांत कमी वाकतो, निळा-जांभळा सर्वांत जास्त. त्यामुळे आकाशात एकच सूर्यबिंब नसते, तर एकावर एक किंचित सरकवलेली रंगीत बिंबे असतात: तळाशी लाल, मग पिवळे, वर हिरवे, त्याहून वर निळे. बुडताना लाल आधी जाते, पिवळे नंतर. निळे शेवटी उरायला हवे, पण इतक्या लांबच्या वाटेत हवेने निळा प्रकाश इकडेतिकडे विखरून टाकलेला असतो. उरतो तो हिरवा. हवा विलक्षण नितळ असेल तर निळीही झळक दिसते. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी १८९९ साली माँ ब्लाँवरच्या सूर्योदयात दिसलेल्या निळ्या किरणाबद्दल 'नेचर' या नियतकालिकाला पत्र लिहिले होते.

पण एवढ्याने भागत नाही. लाल आणि हिरव्या बिंबांतले अंतर सूर्याच्या रुंदीच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असते, आणि नुसत्या डोळ्याला सूर्याच्या रुंदीच्या तिसाव्या हिश्श्यापेक्षा बारीक तपशील ओळखता येत नाही. म्हणजे हिरवी कड जवळपास प्रत्येक मावळतीला असते, आणि आपल्याला दिसत नाही. ती दिसायला कुणीतरी ताणून मोठी करावी लागते. ते काम मृगजळ करते. उन्हात डांबरी रस्त्यावर पाणी भासवणारे मृगजळ समुद्रावरही होते: पाणी उबदार आणि वरची हवा गार असली की खालच्या थरात प्रकाश उलटा वळतो आणि त्या बारीक हिरव्या कडेचा चांगला दिसण्याजोगा ठिपका होतो. झळक दुर्मीळ आहे ती यामुळे.

पहिली पायरी: जागा

क्षितिज दूर हवे आणि रेषेसारखे धारदार हवे. कोकण आणि गोव्याचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, हे आपले भाग्य. हरिहरेश्वर, जयगड, रत्नदुर्ग, विजयदुर्ग, देवगड, रेडीचा यशवंतगड, गोव्यात शापोरा आणि काब द राम, यांपैकी कुठलीही जागा चालेल. मात्र वर्षभर सूर्य एकाच जागी मावळत नाही. आपल्या अक्षांशांवर तो डिसेंबरात खऱ्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला जातो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. जूनमध्ये मोकळी वाटलेली जागा डिसेंबरात एखाद्या डोंगराच्या नाकाआड जाऊ शकते. आदल्या संध्याकाळी जाऊन बघून या.

उंचीचे काय? सखल आणि उंच, दोन्ही जागांचे आपापले गुण आहेत. पाण्यालगतच्या मृगजळाची झळक पुळणीवरून छान दिसते. हवेत वर उष्ण थर असेल, म्हणजे खाली गार आणि वर उबदार अशी उलटी रचना असेल, तर त्याची झळक किल्ल्याच्या उंचीवरून चांगली दिसते. क्षितिजाचे अंतरही उंचीने झपाट्याने वाढते: डोळे पाण्यापासून २ मीटरवर असतील तर क्षितिज सुमारे ५ किलोमीटर, ५० मीटरवर असतील तर सुमारे २५. मी स्वतः किल्ला निवडते, कारण तिथे लाटांच्या शिंतोड्यांचा त्रास नसतो आणि वही कोरडी राहते.

दुसरी पायरी: दिवस

पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर, धुऊन निघालेली हवा मिळते. पाऊस पडून गेलेल्या दिवशी पश्चिमेला ढगांची फट असेल तर मी हातातले काम टाकून निघते. थंडीत आकाश निरभ्र असले तरी क्षितिजावर धुरकट पट्टा बसतो, विशेषतः मुंबईच्या आसपास, आणि सूर्य पाण्यापर्यंत न पोचताच त्या पट्ट्यात विरून जातो. असा दिवस वाया गेला असे समजू नका, रंगवायला तोही सुंदर असतो. पण झळकेची आशा धरू नका.

शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे खरोखर उपयोगी पडतात. दुपारभर समुद्रावरून स्वच्छ खारे वारे आले असतील तर संध्याकाळी क्षितिज धारदार असण्याची शक्यता जास्त. जमिनीवरची धूळ समुद्रावर गेलेली असेल तर रेषा पुसट होते. घरातून निघताना मी एवढेच बघते: लांबची होडी स्पष्ट दिसते का? दिसली तर चला.

तिसरी पायरी: सूर्य वाचायला शिका

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक ठिकाणी ती दोन ओळींत उरकलेली असते.

सूर्य पाण्याला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे साधारण सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. त्याआधीच्या पाच मिनिटांत खुणा मिळतात. पहिली खूण रंगाची. सूर्य कुंकवासारखा लालभडक, शांत, सहज बघता येईल असा झाला असेल तर हवेत धूळ-धूर भरपूर आहे, हिरवा प्रकाश वाटेतच संपला. तो शेवटपर्यंत पिवळा आणि डोळ्यांना न सोसणारा असेल, तर हवा स्वच्छ आहे आणि आशा आहे. लाल सूर्यास्त लोकांना आवडतो. झळकेची वाट बघणाऱ्याला पिवळा हवा असतो.

दुसरी खूण आकाराची. कधी कधी सूर्य पाण्याजवळ आला की पाण्यातून दुसरा छोटा सूर्य वर येऊन त्याला भेटतो, दोघे जोडले जातात आणि खाली मडक्यासारखी बैठक तयार होते. हे पाण्यालगतचे मृगजळ. बिंबाची वरची कोर शेवटी क्षितिजाच्या किंचित वर, टोकदार लंबगोल होऊन विझेल, आणि विझताना हिरवी होईल. असा आकार दिसला की माझे सगळे लक्ष त्या कोरीवर.

तिसरी खूण याहून अद्भुत आहे. बिंबाच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, सूर्य देवळाच्या शिखरासारखा थरांचा होतो आणि वरच्या टोकाची एक चकती सुटी होऊन तरंगते. हे वरच्या उष्ण थराचे काम. इथे झळक सूर्य पूर्ण बुडण्याआधीच, त्या सुट्या चकतीत दिसते, आणि एकाच मावळतीत दोन-तीनदाही दिसू शकते. ज्याने शेवटच्या क्षणासाठीच डोळे राखून ठेवले त्याची ती हुकते.

ध्रुवांकडे सूर्य क्षितिजाला घासत तिरका जातो म्हणून तिथली गोष्टच वेगळी. १९२९ साली अंटार्क्टिकावर अमेरिकी संशोधक रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेतल्या लोकांना हिरवा रंग थांबत थांबत तब्बल ३५ मिनिटे दिसला होता. आपल्याकडे सूर्य सरळ खाली उतरतो, त्यामुळे आपल्या वाट्याला तो एखादा सेकंदच येतो.

चौथी पायरी: डोळे जपा

सूर्याकडे टक लावून बघू नका. दुर्बीण आणि कॅमेऱ्याच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून तर मुळीच नको, दृष्टी कायमची जाऊ शकते. मी सूर्याकडे पाठ करून, किंवा बाजूच्या पाण्याकडे बघत थांबते, खुणा वाचायला फक्त ओझरती नजर टाकते आणि सूर्याची शेवटची बारीक कोर उरली की मगच वळते. सोबत कुणी असेल तर त्याला टोपीच्या कडेने बिंब झाकून फक्त वरचे टोक बघायला सांगा आणि आळीपाळीने बघा.

याचे दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. तेजस्वी सूर्याकडे आधी बघत राहिलात तर डोळ्यातली लाल रंग ओळखणारी द्रव्ये फिकी पडतात आणि मग पिवळी कोरही हिरवी भासते. सॅन डिएगोचे खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू यंग यांनी या विषयावर फार बारकाईने काम केले आहे. त्यांनीच दाखवले की अनेकांना दिसलेली झळक प्रत्यक्षात पिवळी असते. शिवाय सूर्य बुडल्यावर पापण्या मिटल्या की हिरवा-निळा गोळा तरंगतो, तो डोळ्यातला ठसा. ओळख सोपी आहे: ठसा नजर फिरवाल तिकडे येतो, झळक क्षितिजावरच्या त्या एका बिंदूवरच राहते.

पाचवी पायरी: एकाच संध्याकाळी दोनदा

पुळणीवर आडवे व्हा, डोळे वाळूपासून वीतभर वर. सूर्य विझताच झटकन उभे राहा. उंची वाढल्यामुळे क्षितिज किंचित खाली जाते आणि सूर्याचे टोक चार-पाच सेकंदांसाठी परत दिसते. लहान मुलांना हा प्रयोग जरूर करू द्या, सूर्य परत आला म्हणून ती आनंदाने ओरडतात. किल्ल्यावर हाच फायदा पायऱ्या पळत चढून मिळतो, पण तिथे वेळ जेमतेम दोन सेकंदांचा, आणि तटावर पळणे धोक्याचे. मी ते सुचवणार नाही.

सहावी पायरी: कॅमेरा, हवा असेल तर

पहिल्या काही संध्याकाळी कॅमेरा नेऊच नका. तो लावण्यात नेमका तो सेकंद जातो.

नेलात, तर लांब लेन्स लागते. फोकल लांबीला ११० ने भागले की सेन्सरवर पडणाऱ्या सूर्याचा व्यास कळतो: ४०० मिलिमीटरच्या लेन्सला साडेतीन मिलिमीटरच्या थोडा वर. याहून कमी लांबीत हिरवा ठिपका हाती लागणे कठीण. ट्रायपॉड लावा, फोकस क्षितिजावर आधीच साधून कुलूपबंद करा, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आपोआप न ठेवता दिवसाच्या उजेडावर ठेवा, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्या. एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडणारा प्रकाश, मुद्दाम एक-दोन स्टॉप कमी हवे (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश). सेन्सर भरून गेला की तिथे पांढरा डाग उरतो आणि हिरवा त्यात हरवतो. मागच्या पडद्यावर बघा, डोळा काचेला लावू नका. कोर उरली की बटण दाबून धरून सलग फोटो घ्या.

मोबाइलच्या साध्या लेन्सला सूर्य म्हणजे एक ठिपकाच. पाचपट किंवा जास्त ऑप्टिकल झूम असेल तर व्हिडिओ करून बघा. आणि एक सावधगिरी: मोबाइलच्या सूर्यास्ताच्या फोटोत हिरवा ठिपका हमखास येतो. तो लेन्सच्या आत उसळलेला प्रकाश. मोबाइल जरासा हलवा. ठिपका सूर्याच्या उलट दिशेने सरकला तर ती झळक नाही.

ज्यांनी तिची वाट पाहिली

दिसले की भासले, हा प्रश्न या झळकेला जन्मापासून चिकटलेला आहे, आणि तिच्यावरची चांगली कला त्या प्रश्नातूनच निघाली आहे. जूल व्हर्न यांची 'हिरवा किरण' ही फ्रेंच कादंबरी १८८२ साली आली. स्कॉटलंडमधली हेलेना कॅम्पबेल हा किरण पाहिल्याशिवाय लग्न करायला तयार नाही, कारण किरण पाहणाऱ्याला स्वतःचे आणि दुसऱ्याचे मन स्वच्छ कळते अशी दंतकथा आहे. (ही 'प्राचीन' दंतकथा व्हर्न यांनीच रचलेली आहे. आज ती स्कॉटिश लोककथा म्हणून फिरते.) दर वेळी काहीतरी आड येते. आणि शेवटी किरण उमटतो तेव्हा बाकी सगळे तो पाहतात, फक्त हेलेना आणि तिचा चित्रकार ऑलिव्हर तेवढे पाहत नाहीत. ते एकमेकांच्या डोळ्यांत बघत असतात.

फ्रेंच दिग्दर्शक एरिक रोमेर यांचा त्याच नावाचा चित्रपट १९८६ चा. त्याला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, मिळाला. सुट्टीत एकटी पडलेली देल्फीन काही वयस्क माणसांना व्हर्नच्या कादंबरीबद्दल बोलताना ऐकते, आणि शेवटी सें-जाँ-द-लूझच्या किनाऱ्यावर सूर्य बुडण्याची वाट बघते. त्या शेवटच्या मिनिटांत प्रेक्षकही श्वास रोखून क्षितिज बघतो. वाट बघणे पडद्यावर असे उतरलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

विज्ञानातला वाद मिटायला बराच वेळ लागला. भौतिकशास्त्रज्ञ ज्यूल यांनी १८६९ साली या हिरव्याबद्दल लिहिले होते, तरी पुढे कितीतरी वर्षे हा डोळ्यांचा भास आहे असे म्हणणारे होते. व्हॅटिकन वेधशाळेचे फादर ओकॉनेल यांनी १९५८ साली रंगीत छायाचित्रांचे पुस्तकच काढले. कॅमेऱ्याला डोळ्यातला ठसा दिसत नाही.

आणि तरी २००१ साली कॅमेऱ्यानेच तो प्रश्न पुन्हा उघडला. ब्रिटिश कलाकार टॅसिटा डीन त्या वर्षी जूनमधल्या खग्रास सूर्यग्रहणासाठी मादागास्करला गेल्या होत्या. तिथे मोरोम्बेच्या किनाऱ्यावर त्यांनी १६ मिलिमीटरच्या फिल्मवर एक मावळती टिपली. शेजारी दोघांनी तीच मावळती व्हिडिओवर घेतली, त्यात हिरवे काही नव्हते, आणि त्यांनी ठामपणे सांगितले की झळक झालीच नाही. डीन यांची फिल्म धुऊन आली तेव्हा ती त्यात होती. पण एखादी फ्रेम थांबवून दाखवावी म्हटले तर सापडत नव्हती, फक्त फिल्म चालताना दिसत होती. अडीच मिनिटांची ती मूक कलाकृती मला या विषयावरची सर्वांत खरी वाटते. रंगवायला बसण्याआधी तिचा विचार जरूर करा: तुम्ही एक ठिपका रंगवणार आहात की ठिपक्याकडे जाणारी अडीच मिनिटे?

सातवी पायरी: वही

मी मावळतीच्या अर्धा तास आधी पान तयार करते. क्षितिजाची रेषा आखते, आकाशाचे पाच आडवे पट्टे, समुद्राचे दोन. प्रत्येक पट्ट्यात रंगाचे नाव लिहिते, आणि नावे आपली: हळदी, शेंदरी, डाळिंबी, आबोली, राखी. ट्यूबवरच्या नावांपेक्षा ही घरी गेल्यावर जास्त नेमकी आठवतात. खाली वारा, क्षितिज धारदार की पुसट, आणि सूर्याचा आकार, छोट्या चित्रात. झळक दिसली तर बोलू नका, फोन काढू नका. डोळे मिटून एक श्वास घ्या आणि लगेच लिहा: किती वेळ, कुठे, कोणता हिरवा. पोपटी? पाचूचा? शेवाळी कधीच नसतो.

आठवी पायरी: कागद

सर्वांत मोठी चूक आकाराची होते. हातभर अंतरावर, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटरवर, सूर्य फक्त साडेपाच मिलिमीटरचा असतो. आपण तो बांगडीएवढा काढतो आणि मग झळकेला बोराएवढी जागा द्यावी लागते. सूर्य ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा ठेवा आणि झळक खसखशीच्या दाण्याहून मोठी नको.

३०० जीएसएमचा जाड कागद घ्या. झळकेच्या जागी सुईच्या टोकाने मास्किंग फ्लुइडचा थेंब ठेवा, म्हणजे तेवढा कागद कोरा राहील. जलरंगात उजेड कागदाचाच असतो. हिरव्यात पांढरा मिसळून तो उजळायला गेलात तर खडूसारखा मळकट दिसेल.

मग आकाश. पिवळा आणि निळा थेट एकमेकांत उतरले की आकाशच हिरवट होते, आणि त्या क्षणी चित्र संपते, कारण झळकेचे वेगळेपण गेले. मधे गुलाबीचा पातळ पट्टा ठेवा. झळकेभोवतीचे आकाश तुम्हाला वाटते त्यापेक्षा एक पायरी गडद आणि शेंदरीकडे झुकलेले असू द्या. फ्रान्सच्या गोब्लँ कारखान्यात रंगद्रव्यांवर काम करणाऱ्या शेव्हरल यांनी १८३९ साली मांडलेला नियम इथे शब्दशः चालतो: विरुद्ध रंग शेजारी आले की दोन्ही जास्त पेटतात. हिरव्याचा विरोधी लाल, म्हणून लालसर शेंदरीत बसलेला हिरवा कण आपल्या ताकदीपेक्षा उजळ भासतो. समुद्र जांभळट राखी आणि सपाट, क्षितिजाची कड कोरड्या कागदावर, एका दमात.

सुटा कागद घेऊन त्यावर शेंदरी पट्टा रंगवा, पाच जागा कोऱ्या सोडा आणि पाच हिरवे लावून बघा: थॅलो ग्रीन, व्हिरिडियन, दोन्हींत थोडा लेमन यलो, आणि एक तुमच्या मनचा. माझ्याकडे दरवेळी थॅलोत कणभर लेमन यलो जिंकतो, पण तो पाण्यासारखा पातळ हवा.

सगळे चित्र पूर्ण वाळू द्या, शक्यतो रात्रभर. सकाळी मास्किंग बोटाने हलकेच चोळून काढा. पांढरा कण उघडा पडेल. शून्य नंबरचा ब्रश पातळ हिरव्यात बुडवून फडक्याला टिपा, आणि टोक एकदाच टेकवून उचला.